भाड्याने घेतलेली नौका



समुद्राचा विषय बुलढाणा जिल्ह्यात कशासाठी, असा प्रश्न कार्यक्रमपत्रिका पाहून काहींना पडला असेल. आपल्याकडे खारं पाणी म्हणायचं तर लोणारचं, आणि त्यात होडीही कुणी घालत नाही. पण नकाशा जरा उघडून पाहा. घाटाखालचं पाणी पूर्णेला मिळतं, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. घाटावरची पैनगंगा वर्धेला मिळते, तिथून प्राणहिता, गोदावरी आणि मग बंगालचा उपसागर. म्हणजे एका जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. शिवाय ज्या राजाने मराठी मुलखाला आरमार दिलं, त्याचं आजोळ सिंदखेडराजा. आणखी एक गंमत सांगतो. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीच्या सुरुंग काढणाऱ्या ट्रॉलरांपैकी एकाचं नाव होतं 'बेरार'. वऱ्हाडाच्या नावाची बोट समुद्रात फिरली, वऱ्हाडाला त्याची खबर नाही.

पण 'बेरार' हा आजचा विषय नव्हे. तिचा घाट मासेमारी ट्रॉलरवरून घेतलेला होता, तरी ती जन्मापासून लष्करीच. आपला विषय आहे तो त्या बोटीचा, जी मासळीसाठी बांधली, मासळीवर वाढली आणि मग एके दिवशी सरकारने भाडं ठरवून गस्तीला लावली. हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर, आपल्या हयातीत, बरीच वर्षं चाललं. त्याबद्दल मराठीत फारसं बोललं गेलेलं नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी ट्रॉलर म्हणजे काय ते सांगून टाकू. पिशवीसारखं जाळं समुद्राच्या तळावरून ओढत नेणारी यांत्रिक बोट. ओढायचं असल्यामुळे इंजिनाला वेगापेक्षा ताकद जास्त. जाळं वर घ्यायला वजनदार रहाट, म्हणजे विंच. दिवसेंदिवस पाण्यावर राहायचं, म्हणून डिझेल, बर्फ, गोडं पाणी आणि शिधा ठेवायला जागा. आणि तिच्यावर तांडेल असतो. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. ज्याला तळाशी खडक कुठे, चिखल कुठे, उधाणाच्या भरतीला खाडीच्या तोंडाशी पाणी किती चढतं, हे पाठ असतं. हा शेवटचा मुद्दा ध्यानात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता १९९३ साल. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली, २५७ माणसं गेली. तपासात निघालं की स्फोटकं आणि शस्त्रं त्या आधीच्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी इथे समुद्रातून उतरवली गेली. शेखाडी हे श्रीवर्धनकडचं लहानसं गाव. तिथे माल उतरला, ट्रकांत भरला आणि घाटरस्त्याने मुंबईला गेला. वाटेत अडवणारे होते, पण त्यांचे हात ओले झालेले. सीमाशुल्क आणि पोलीस या दोन्ही खात्यांतल्या काही जणांना विशेष टाडा न्यायालयाने पुढे दोषी ठरवलं.

यानंतर, १९९३ मध्येच, महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यासाठी 'ऑपरेशन स्वान' सुरू झालं. रचना थरांची होती. बाहेर खोल समुद्रात नौदलाची आणि तटरक्षक दलाची जहाजं, वरून विमानं. आत किनाऱ्याजवळ संयुक्त तुकड्या. या तुकड्यांत नौदल, तटरक्षक, राज्य पोलीस आणि सीमाशुल्क यांची माणसं एकत्र. आणि या आतल्या थराला पाण्यावर फिरायला काय दिलं? भाड्याने घेतलेले मासेमारी ट्रॉलर.

नौदलाजवळ विनाशिका होत्या, पाणबुड्या होत्या, विमानवाहू जहाज होतं. पण शेखाडीच्या पुळणीजवळ जाऊ शकेल अशी गोष्ट कमी होती. मोठं जहाज पाण्याखाली काही मीटर बुडालेलं असतं, उथळ पाण्यात ते तळाला लागतं. राज्य पोलिसांजवळ समुद्रात जायला साधनं नावापुरती. नवी बोट बांधायची तर निविदा, मंजुरी, बांधणी यांत वर्षं जातात, आणि सरकारला गस्त लगेच हवी होती. बंदरात शेकडो ट्रॉलर उभे होते. भाडं ठरवा, डिझेल भरा, चार गणवेशधारी चढवा, गस्त सुरू. आपल्याकडे दुष्काळात टँकर असाच लागतो ना! काल तो कुणाच्या बांधकामावर पाणी टाकत होता, आज त्याच्या पाठीवर शासकीय पाणीपुरवठ्याचा फलक. टाकी तीच, ड्रायव्हरही तोच.

ट्रॉलर घेण्यात सोयीशिवाय आणखी एक हिशेब होता. दोनशे मासेमारी बोटींत मिसळलेली गस्तीची बोट ओळखू येत नाही. तस्कर करड्या रंगाचं जहाज मैलभरावरून ओळखतो, पण शेजारून जाणारा ट्रॉलर त्याला ट्रॉलरच वाटतो. उणेही होतंच. जाळं ओढायला बांधलेली बोट पळणाऱ्या बोटीच्या मागे लागली तर काय होणार? आणि पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, सगळ्या बोटी वर ओढल्या गेल्या, की पाण्यावर दिसणारा एकटा ट्रॉलर चोख उठून दिसतो. मग मिसळायचं कुणात?

तुकडी चौघांची का केली, यावर सरकारी उत्तर असं की नौदलाला समुद्र कळतो, पोलिसाला गुन्हा दाखल करता येतो, सीमाशुल्कवाल्याला माल ओळखता येतो. हे बरोबरच आहे. पण आम्हाला वाटतं, दिघी-शेखाडीनंतर एकट्यादुकट्या खात्यावर विश्वास टाकायची कुणाची तयारी उरली नव्हती, हेही कारण त्यात होतं. चौघे एका बोटीवर असले की एकाला विकत घेऊन भागत नाही.

ही युक्ती मुळात आपली नव्हे. ब्रिटिश आरमाराचे ॲडमिरल लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड यांनी १९०७ च्या सुमारास सुचवलं होतं की सुरुंग काढायला मासेमारी ट्रॉलर वापरावेत. तर्क साधा होता. तळावरून जाळं ओढणारा आणि सुरुंगाची साखळी कापणारी तार ओढणारा, दोघांचं काम एकच. रहाट तोच, वादळात तार सांभाळणारे हातही तेच. १९१० पासून रॉयल नेव्हल रिझर्व्हमध्ये ट्रॉलर शाखा सुरू झाली, आणि पहिल्या महायुद्धात हजाराहून अधिक ट्रॉलर सेवेत घेतले गेले. त्यातलं आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. इंग्रजांनी बोट घेतली तेव्हा बोटीचा प्रमुखही घेतला आणि त्याला आरमारात हुद्दा दिला. हुद्द्याचं नावही 'स्किपर'च, म्हणजे मच्छीमार आपल्या प्रमुखाला जे म्हणत तेच. दर्जा खालचा होता, आरमारी अधिकारी त्यांच्याकडे नाक मुरडत, हे सगळं खरं. पण बोट त्याच्या हुकमाने चालत होती.

तो सुरुंगाचा धोका मुंबईच्या दारातही आला होता. जर्मनीची 'वुल्फ' ही नौका १९१७ च्या फेब्रुवारीत मुंबईबाहेर सुरुंग पेरून गेली, आणि २३ जूनला पी अँड ओ कंपनीची 'मंगोलिया' त्यातल्या एकावर आदळून बुडाली. ही 'वुल्फ' मुळात मालवाहू जहाज होती. तोफा आडोशाला झाकलेल्या, बाहेरून व्यापारी. म्हणजे सोंग घेणारे तेव्हाही होते.

आता घरच्या इतिहासाकडे येऊ. शिवाजी महाराजांनी १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे जहाजं बांधायला घेतली, तेव्हा रुई लैतांव व्हियेगस आणि त्याच्या हाताखालचे कारागीर पोर्तुगीज होते. पोर्तुगीज सरकारने दम भरताच ते काम टाकून निघून गेले. भाड्याचं कसब ते, मालक ओरडला की जायचंच. राहिले कोण? कोळी, भंडारी, किनाऱ्यावरचे दर्यावर्दी. आरमार चाललं ते त्यांच्यावर. जंजिऱ्याच्या मोहिमेतली लाय पाटील या कोळी प्रमुखाची हकीकत परंपरेने आली आहे. जिवावर उदार होऊन त्याने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण मागून फौज वेळेवर आली नाही. महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, तर तो म्हणाला, आम्ही दर्यावर राहणारे, पालखी घेऊन काय करू? तेव्हा महाराजांनी त्याला गलबत बांधून दिलं आणि गलबताचं नाव ठेवलं 'पालखी'. कथेचा तपशील घासूनपुसून घ्यावा लागेल, पण समज कुणाला कसली होती ते त्यात दिसतं.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातला पैशाचा विचार आजच्या कुठल्याही सचिवाने वाचावा असा आहे. अमात्य सांगतात, आरमाराचा खर्च त्याच्या पैदास्तीवर, म्हणजे समुद्रात मिळेल त्या उत्पन्नावर सोपवू नका. त्यासाठी मुलखातून नेमणूक करून द्या. नाहीतर आरमार सावकारांना, म्हणजे व्यापाऱ्यांना उपद्रव देऊ लागेल आणि बंदरं ओस पडतील. म्हणजे पाण्यावरचा शिपाई कशावर जगतो, यावर तो कुणाचं रक्षण करणार हे ठरतं. शेखाडीच्या रस्त्यावर जे घडलं, त्याचं निदान अमात्यांनी पावणेतीनशे वर्षं आधी लिहून ठेवलं होतं.

आता थोडं आमच्या विषयाचं बोलू द्या. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं, सवय जात नाही. प्लूटार्कने थीसिअसच्या नौकेचा प्रश्न सांगितला आहे. एकेक फळी बदलत गेली, शेवटी जुनी एकही उरली नाही, तर ती तीच नौका का? भाड्याच्या ट्रॉलरचं कोडं याच्या बरोबर उलटं आहे. इथे एकही फळी बदललेली नाही, जाळ्याचा वाससुद्धा गेलेला नाही, आणि तरी सोमवारची मासेमारी बोट मंगळवारी राज्यसत्तेचा हात झालेली आहे. आपल्याकडे शास्त्रकार स्फटिकाचं उदाहरण देतात. शेजारी जास्वंद ठेवली की स्फटिक तांबडा दिसतो, फूल काढलं की पुन्हा पांढरा. शेजारची वस्तू आपला गुण याला चिकटवते, तिला उपाधी म्हणतात. गणवेश ही या बोटीची उपाधी. मात्र स्फटिकाला आपण तांबडे दिसत असल्याने काही सोसावं लागत नाही. बोटीला, आणि तिच्या सारख्या दिसणाऱ्या बाकीच्या सगळ्या बोटींना, सोसावं लागतं.

कायद्याने हे फार पूर्वी ओळखलं. १८९८ च्या युद्धात अमेरिकेने क्यूबाच्या 'पाकेत हाबाना' आणि 'लोला' या दोन लहान मासेमारी बोटी पकडून लिलावात विकल्या. १९०० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की किनाऱ्यावर मासे धरून पोट भरणाऱ्यांच्या बोटी युद्धात जप्त करता येत नाहीत, ही राष्ट्राराष्ट्रांमधली जुनी रीत आहे. त्यासाठी न्यायालय इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीच्या १४०३ सालच्या आदेशापर्यंत मागे गेलं. पुढे १९०७ च्या हेग कराराने ही सूट लिहून काढली आणि तिला दोन अटी जोडल्या. बोटीने युद्धात कसलाही भाग घेतला की सूट संपली. आणि दुसरी, जी आम्हाला जास्त मोलाची वाटते: या बोटींचं निरुपद्रवी रूप तसंच ठेवून त्यांना लष्करी कामाला लावायचं नाही, असं सह्या करणाऱ्या देशांनी कबूल केलं.

आता कुणी म्हणेल, करार युद्धकाळाचा, आणि 'स्वान'मधली गस्त शांततेतली, पोलिसी स्वरूपाची. मान्य. कायद्याने बोट ठेवायला जागा नाही, आणि सरकारने गुन्हा केला असं आम्ही म्हणत नाही. पण करारामागचं शहाणपण कराराहून मोठं आहे. मासेमारी बोट पाहून कुणालाही भीती वाटत नाही, ही समुद्रावरची एक सामाईक ठेव आहे, गावाच्या गायरानासारखी. त्यावर एकाने आपली गुरं सोडली की दुसराही सोडतो.

दुसऱ्याने सोडली ती २००८ साली. 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी बोट. नोव्हेंबरात पाकिस्तानातून आलेल्या दहा जणांनी ती भर समुद्रात ताब्यात घेतली. खलाशांना मारलं, तांडेलाला तेवढं जिवंत ठेवलं, कारण मुंबईपर्यंतची वाट त्यालाच माहीत होती. मुंबई जवळ आल्यावर त्यालाही मारलं. नौदल, तटरक्षक, पोलीस या सगळ्यांच्या नजरेसमोर 'कुबेर' एक मासेमारी बोट होती, आणि मासेमारी बोटीला कोण अडवतो? आमच्या मते २६ नोव्हेंबरच्या रात्रीचा विचार करताना यावर थांबायला हवं. तांडेलाचं ज्ञान किती किमतीचं आहे, हे मारेकऱ्यांनी नेमकं ओळखलं होतं.

त्याच महिन्यात, आठच दिवस आधी, १८ नोव्हेंबरला, एडनच्या आखातात आपल्या 'आयएनएस तबर' या युद्धनौकेने चाच्यांची मानलेली एक बोट गोळीबार करून बुडवली. देशात कौतुक झालं. मग कळलं की ती 'एकावात नावा ५' नावाची थायलंडची मासेमारी बोट होती, चाच्यांनी पळवलेली, आणि तिचे खलाशी बोटीवरच होते. सहा दिवस पाण्यावर तरंगत एक जण वाचला. नौदलाचं म्हणणं असं की बोटीवरून हत्यारं दाखवली गेली, धमकी दिली गेली, म्हणून स्वसंरक्षणार्थ मारा केला. ते खोटं मानायचं कारण नाही. बोटीवर चाचेही होते आणि मच्छीमारही होते, अडचण तीच आहे. पुढे २०१२ च्या फेब्रुवारीत केरळच्या किनाऱ्यापासून वीसेक सागरी मैलांवर 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी चाचे समजून गोळ्या झाडल्या. 'सेंट अँटनी' या मासेमारी बोटीवरचे आपले दोन मच्छीमार गेले. नुकसानभरपाईचे दहा कोटी रुपये जमा झाल्यावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथला खटला बंद केला.

मधल्या काळात 'स्वान'चं काय झालं? २००५ साली केंद्राची किनारी सुरक्षा योजना आली. देशभर ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ नौका असा तिचा पहिला टप्पा होता. भाड्याच्या बोटींवरची संयुक्त गस्त हळूहळू राज्याच्या सागरी पोलिसांकडे सोपवायची, अशी कल्पना. कल्पना चांगली. पण समुद्रात बोट चालवायला समुद्र यावा लागतो, आणि पोलीस भरतीत धावणं, गोळाफेक आणि लेखी परीक्षा असते. २६/११ नंतर वेगवान नौका आल्या तरी महाराष्ट्र पोलीस गस्तीसाठी खासगी ट्रॉलर भाड्याने घेतच राहिले. वेगवान नौका डिझेल पिते, बिघडली तर तिला जाणकार कारागीर लागतो, ट्रॉलर मात्र बंदरातला मिस्त्रीही दुरुस्त करतो. याला कुणी हसू नये. टिकणारी व्यवस्था बहुधा अशीच असते, दिसायला गबाळी.

आमची तक्रार भाड्याबद्दल नाही. भाडं कशाचं ठरलं याबद्दल आहे. कागदावर बोटीचं भाडं असतं, दिवसाचे इतके रुपये, डिझेल वेगळं. बोटीबरोबर तांडेल येतो तो टँकरबरोबर ड्रायव्हर येतो तसा. आपल्या टँकरच्या ड्रायव्हरला विचारा, कुठल्या गावची विहीर जानेवारीतच आटते, कुठल्या वस्तीवर टाकी फुटकी आहे, कुठे सरपंच पाणी आपल्या गल्लीत आधी वळवतो. त्याला सगळं ठाऊक असतं. टंचाई आराखड्याच्या बैठकीला त्याला कुणी बोलावल्याचं ऐकलंय का? तांडेलाचं तेच. ओळखीच्या बोटी कुठल्या, परकी कुठली, कुणाची बोट चालते तेवढ्या मासळीवर चालणार नाही इतकी नवी झाली आहे, हे त्याला दिसतं. इंग्रजांनी त्याला हुद्दा दिला, महाराजांनी गलबत दिलं. आपण त्याला रोजंदारी दिली आणि सुकाणूशी उभं केलं. कुठे जायचं ते त्याच्या मागे उभा असलेला गणवेश ठरवणार, ज्याला कदाचित बोट लागत असेल.

२००९ नंतर मच्छीमारांसाठी बरंच झालं. बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, बोटींची नोंदणी सक्तीची झाली, राज्याराज्यानुसार बोटींचे रंग ठरले, वीस मीटरहून लांब बोटींवर ओळख सांगणारी यंत्रं आली. यातलं प्रत्येक पाऊल समर्थनीय आहे. पण यादी नीट वाचली तर दिसतं की जवळजवळ सगळीकडे मच्छीमार हा तपासायचा माणूस आहे. ज्याच्याकडून तपासून घ्यायचं, असा तो एक-दोन ठिकाणीच: १०९३ आणि १५५४ हे मदत क्रमांक, आणि किनाऱ्यावरच्या गावांतली सागर रक्षक दलं. 'सागर कवच' नावाची कवायत होते, तिच्यात शत्रू झालेली तुकडी बहुतेक वेळा मासेमारी बोटीतूनच आत शिरायला बघते. म्हणजे आज कोळ्याने समुद्रावर एखादी बोट पाहिली तर ती मासे धरणारी असू शकते, पोलिसांनी भाड्याने घेतलेली असू शकते, कवायतीतल्या खोट्या शत्रूची असू शकते, आणि खऱ्या शत्रूचीही असू शकते. चारही बोटी दिसायला एक.

आणि तरी तो ओळखतो. २६/११ च्या रात्री ते दहा जण रबरी होडीतून कफ परेडच्या बधवार पार्कजवळ, मच्छीमार वस्तीशी उतरले. तोवर 'कुबेर' त्यांनी मागे सोडून दिली होती. ती नंतर समुद्रात तरंगताना सापडली. एवढा पल्ला त्यांनी कुणी न अडवता काटला होता. उतरताना मात्र त्यांना वस्तीतल्या माणसांनी पाहिलं आणि कोण तुम्ही, कुठून आलात, अशी विचारपूस केली. हे पुढे न्यायालयात साक्षीतही आलं. त्या रात्री त्यांना पहिला प्रश्न विचारला गेला तो असा, कोळीवाड्यात, गणवेश नसलेल्या माणसांकडून.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील ते घेऊ या.